आठवीनंतर मुली मैदान का सोडतात, आणि रील काढायच्या आधी काय करायचं

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. माध्यमिक शाळेत खेळाचे शिक्षक म्हणून तुमचं दुसरंच वर्ष, सातवीपर्यंत वीस-पंचवीस मुली कबड्डीला येतात, आठवीच्या दिवाळीनंतर चार उरतात, आणि आता एका संस्थेच्या लोकांनी सुचवलंय की मुलींच्या खेळाच्या रील टाका म्हणजे मुलींचं सक्षमीकरण पण होईल आणि देणगीदार पण मिळतील. तर टाकाव्यात का, असं तुम्ही विचारलंय.

माझं म्हणाल तर इतक्यात नको. मी स्वतः जिल्ह्याकडून खेळले, नंतर बावीस वर्षं माणदेशाच्या कडेला तालुक्याच्या गावात मुलींना कबड्डी आणि थोडाफार खो-खो शिकवतेय, आणि हा कॅमेऱ्याचा घोळ मी स्वतः घालून बसलेली बाई आहे, ते पुढे सांगतेच. पण तुमच्या चार मुलींचं आधी बघू, कारण मैदानावर चारच पोरी असताना रील कुणाची काढणार.

मुली खेळ का सोडतात याची कारणं आपण फार मोठी मोठी सांगतो, परंपरा, मानसिकता वगैरे. ती आहेतच. पण मी एका वर्षी सोडून गेलेल्या अकरा मुलींच्या घरी जाऊन बसले, चहा घेतला, आणि जी कारणं निघाली ती इतकी साधी होती की मलाच लाज वाटली. तिघींचं कारण म्हणजे आमच्या मैदानाजवळच्या स्वच्छतागृहाला पाच वाजता कुलूप लागायचं आणि किल्ली शिपाईमामांच्या खिशात घरी जायची. पाळी आलेली पोरगी दोन तास कुठं जाणार? ती काय सांगणार तुम्हाला, ती म्हणते पोट दुखतंय, मग म्हणते अभ्यास आहे, मग यायचीच बंद होते आणि आपण म्हणतो हिला इंटरेस्ट नाही. दोघींची शेवटची एसटी सहाला होती आणि माझा सराव साडेसहाला संपायचा. एकीच्या आईला गुडघ्याचा त्रास होता, संध्याकाळचा स्वयंपाक पोरीवर आलेला. एकीला हाफ पँट नको होती. बाकीच्यांपैकी एकीच्या आजीचं एकच म्हणणं, पोरगी काळी पडतीय.

म्हणजे बघा, अकरातल्या पाच तर फक्त कुलूप आणि एसटीमुळे गेल्या. सराव मी सकाळी साडेआठला आणला, शाळेच्या आधी, आणि किल्लीची डुप्लिकेट करून नववीतल्या एका मुलीकडे दिली. खेळाच्या कपाटात एका डब्यात पॅड ठेवले, कुणाला न विचारता घ्यायचे, वही नाही सही नाही. तुम्ही पुरुष शिक्षक आहात म्हणून सांगते, यावर तुम्ही भाषण द्यायची काही गरज नाही, शाळेतल्या एखाद्या बाईंना सांगा, डबा भरलेला राहील एवढं तुम्ही बघा. हाफ पँटचं म्हणाल तर पहिले सहा महिने ट्रॅक पँट घालू द्या, आत स्लॅक्स आणि वर शॉर्ट घालून खेळणाऱ्या कितीतरी मुली आहेत, पट काढायला (झेप घेऊन समोरचीचे पाय धरायला) लागल्या की त्यांनाच कळतं कशात पाय मोकळा राहतो. कपड्यावरून एकही पोरगी घालवायची नाही हा माझा नियम.

आजीचं काळं पडणं मात्र सोपं नाही. त्याच्यामागे लग्नाचा बाजार असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी साधारण २२ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. आपल्या दुष्काळी पट्ट्यात, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर मुलीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची ही भीती खरी असते, तिला नावं ठेवून काही होत नाही. खेळ तिथं काय करतो तर वेळ विकत घेतो. "जिल्ह्याला निवड झालीय, एवढा सीझन जाऊ द्या" असं म्हणायला आईला एक कारण मिळतं. बापापुढे आईच्या हातात काहीतरी कागद असतो. एवढंच. सगळी लग्नं थांबतात असं मी म्हणणार नाही, माझ्या आजवरच्या सगळ्यात चांगल्या चढाईपटूंपैकी दोघींची बारावीच्या आत झाली आणि मी काही करू शकले नाही. एकीच्या वेळी १०९८ ला, मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनला, फोन करायला हवा होता, मी घाबरले, गावात राहायचं होतं मला. ते अजून सलतं.

पालकांसाठी मी सभा घेणं सोडून दिलं, सभेला बाप येतात आणि मागं हात बांधून उभे राहतात. त्याऐवजी नागपंचमीला मैदानावर आयांच्या फुगड्या ठेवल्या. तुम्हाला हसू येईल पण फुगडी, झिम्मा, पिंगा हे खेळ खेळलेल्या बायका आहेत या, दम आणि तोल काय असतो ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. एक साठीच्या आजी अशी काही फुगडी घालत होत्या की समोरची तिशीतली सून धापा टाकत बसली. त्यानंतर लगेच मुलींचा वीस मिनिटांचा सामना ठेवला. ज्या आजी काळं पडण्याबद्दल बोलायच्या त्याच ओरडत होत्या, "अगं तिचा पाय धर की!" त्या दिवसानंतर त्या घरातून पोरीला कधी अडवलं नाही. प्रत्येक ठिकाणी असं होईल का, नाही होणार. पण सभेपेक्षा बरं.

शरीराचं थोडं सांगते आणि मग तुमच्या रीलकडे येते. पहिलं रक्त. आपल्याकडे किशोरवयीन मुलींपैकी निम्म्याहून जास्त मुलींना रक्तक्षय असतो, म्हणजे तुमच्यासमोर बारा मुली असतील तर सहा-सातजणी अर्ध्या टाकीवर पळतायत. दुसऱ्या सत्रात जी पोरगी ढेपाळते तिला आळशी म्हणायच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन बघून घ्या, बाराच्या खाली असेल तर डॉक्टर सांगतील काय ते. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी निम्म्या मुली खिशात घालून नंतर टाकून देतात कारण रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं. जेवणानंतर, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर, आणि मागे-पुढे तासभर चहा नाही, एवढं पाळलं तरी फरक पडतो. सरावानंतर शेंगदाणे-गूळ, भिजवलेले हरभरे, ज्या घरात चालतं तिथं उकडलेलं अंडं. प्रोटीन पावडरचे डबे घेऊन कुणी आलं तर त्याला हात जोडा.

दुसरं गुडघे. वयात आलेल्या मुलींमध्ये गुडघ्यातला लिगामेंट तुटायचा धोका मुलांपेक्षा बराच जास्त असतो, आणि कबड्डीत दिशा बदलणं, उडी मारून उतरणं, पाय अडकलेला असताना अंग फिरवणं हे सगळं त्याच गुडघ्यावर. आमच्या वेळी कुणी सांगितलं नाही, माझा डावा गुडघा आजही जिना चढताना आवाज करतो. रोज सुरुवातीला पंधरा मिनिटं एका पायावर तोल, उठाबशा, उडी मारून गुडघे आत न वळवता हळू उतरणं, हे करून घ्या. फुटबॉलवाल्यांचा फिफा इलेव्हन प्लस म्हणून वॉर्मअप आहे, तो कबड्डीला पण चालतो, पैसे लागत नाहीत.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहिते, राग मानू नका. पकड शिकवताना मुलीला तुम्ही स्वतः धरून दाखवू नका. दोन मोठ्या मुलींना पुढे घ्या, तुम्ही तोंडाने सांगा, त्या करून दाखवतील. घोटा पकड असो की कमरेची, सगळं असं शिकवता येतं. स्पर्धेला जाताना सोबत बाई हवीच, तुमची खोली वेगळ्या मजल्यावर, रात्री नऊनंतर कुठल्या मुलीला वेगळा मेसेज नाही, जो काय असेल तो पालक असलेल्या ग्रुपवर. तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही हे. २०२३ ला दिल्लीत जंतरमंतरवर कुस्तीच्या मुली लैंगिक छळाच्या तक्रारीवरून महिनाभराहून जास्त बसल्या होत्या ते टीव्हीवर प्रत्येक आईने बघितलंय, तेव्हा न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या वागण्यात दिसायला पाहिजे. आणि अठराखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं तुम्हाला कळलं तर पॉक्सो कायद्यानुसार ते कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, शाळेची अब्रू म्हणून झाकणं हा स्वतःच गुन्हा आहे.

आता कॅमेरा.

दहा-बारा वर्षं झाली असतील. आमच्याकडे रात्रीची प्रकाशझोतातली स्पर्धा होती, मुलींचे पण सामने ठेवलेले, मी केवढी खूष. एक स्थानिक चॅनेलवाला आला, म्हणाला बाई सगळं फुकट शूट करतो, मुलींना प्रसिद्धी मिळेल. मी काय विचारणार, मला वाटलं चांगलंच आहे की. उपांत्य सामन्यात आमच्या एका चढाईपटूला चौघींनी पकडलं, ती मध्यरेषेकडे सरकत होती, शर्ट वर गेला, चार सेकंदांचा प्रकार. तिने रेषेला हात लावला आणि चार गुण आणले, सामना आम्ही तिथं जिंकला. तिसऱ्या दिवशी ती चार सेकंदं हळू करून, खाली घाणेरडं गाणं लावून, तालुकाभर व्हॉट्सअॅपवर फिरत होती. चॅनेलवाला म्हणाला मी नाही केलं, कुणीतरी कापलं असेल. खरंही असेल. पोरगी सतरा दिवस शाळेत आली नाही. तिचा भाऊ माझ्या दारात येऊन उभा राहिला, काही बोलला नाही, नुसता उभा राहिला. ती परत कधी खेळली नाही. दहावी झाली एवढं समाधान.

त्यानंतर दोन वर्षं मी मैदानावर मोबाईल काढू दिला नाही. तेही चूकच होतं, कारण मग आमच्या मुलींचं काहीच कुठं दिसेना. मुलांच्या संघाचे फ्लेक्स लागतात, ढोल वाजतात, आणि आमच्या मुली विभागापर्यंत जाऊन आल्या तर गावात कुणाला पत्ता नाही. सरपंचांना मैदानासाठी चार ट्रॉल्या लाल माती मागायला गेले तर म्हणाले, मुली खेळतात होय? बातमी नाही तर माती नाही, इतकं सरळ आहे ते.

मग वाट सापडली ती अपघातानेच. एका मुलीचा अंगठा मोडलेला, सहा आठवडे खेळायचं नाही. नुसती बसून रडणार म्हणून मी तिला गुणपत्रकाची वही दिली. कोणाची चढाई, किती गुण, बोनस (बोनस रेषेपलीकडे पाय टाकून मिळणारा जादा गुण) कुणी घेतला, पकड कुणी केली, लोण कधी पडला (सगळा संघ कधी बाद झाला), सगळं लिहायचं. दोन आठवड्यांत ती मला सांगायला लागली की बाई आपला डावा कोपरा, म्हणजे डाव्या टोकाला पकडीला उभी असते ती, तिसऱ्या मिनिटानंतर पुढे सरकतो आणि तिथूनच बोनस जातो. मी बावीस वर्षं... नाही, तेव्हा बारा-तेरा झाली असतील, मी तेवढी वर्षं शिकवतेय आणि मला हे दिसलं नव्हतं. मग पुढच्या तालुका स्पर्धेत माईकवरचे गृहस्थ जेवायला गेले होते, सामना सुरू व्हायचा होता, मी हिला ढकललं, तुझ्याकडे वही आहे, बोल. पहिली दोन मिनिटं नुसता श्वास ऐकू येत होता भोंग्यातून. मग आपली एक मुलगी बोनसला गेली आणि ही माईकवरच ओरडली, "अगं पाय मागं घे!" सगळं मैदान हसलं. पंचांनी दटावलं. पण त्यानंतर ती जी सुटली ती सुटलीच.

त्या दिवशी मला एक कळलं, ते रील काढून कधीच कळलं नसतं. गावात आमच्या मुलींना नावं नसतात. अमक्याची पोरगी, तमक्याची बहीण, फार तर दोन नंबरची. भोंग्यावरून तिचं नाव, आडनाव, कोणत्या जागेवर खेळते, आत्ता काय केलं, हे अर्धा तास सलग ऐकू आलं, शेतात भांगलणाऱ्या बायकांना ऐकू आलं, पारावर बसलेल्यांना ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात दुकानदाराने एका मुलीला विचारलं, काल अव्वल पकड तुझीच ना गं? ती घरी जाऊन आईला ते चार वेळा सांगत होती.

म्हणून माझा क्रम असा झालाय, आधी वही मग माईक मग बातमी, आणि कॅमेरा सगळ्यात शेवटी. प्रत्येक मुलगी वर्षातून काही सामने गुण लिहिणार, काही सामने माईकवर बसणार, कप्तान असली तरी. ज्या मुली खेळात मागे पडतात त्या यामुळे टिकतात हा मोठा फायदा, कारण सात खेळणार आणि पाच बसणार हे गणित प्रत्येक संघात आहे, आणि बसणारीच आधी सोडून जाते.

बातमीचं सांगते. तालुक्याच्या वार्ताहराला दोष देऊन उपयोग नाही, त्याला दिवसाला पंधरा बातम्या पाठवायच्या असतात, सत्कार, रास्ता रोको, अपघात. त्याला तयार मजकूर हवा आणि संध्याकाळी सहाच्या आत हवा. आमच्या मुली सामना संपला की तिथंच बसून लिहितात, पहिल्या ओळीत निकाल आणि गुण, मग मध्यंतराला काय होतं, मग कुणी किती चढाया केल्या, शंभर-सव्वाशे शब्द बास. फोटो आडवा, डावीकडून नावं, आडनावं तपासून. सुरुवातीला वाचून दाखवायच्या तेव्हा पाहुण्यांचीच नावं आधी असायची, "यांच्या शुभहस्ते, यांच्या प्रमुख उपस्थितीत", कारण पेपरमध्ये तसंच वाचलेलं. मी सांगितलं पाहुणे शेवटच्या ओळीत, जागा उरली तर. एक पाहुणे रुसले त्याच्यावरून. रुसू देत.

यातच एकदा भांडण झालं. आमची मुलगी राज्याच्या निवड चाचणीला गेली तर एका पेपरने छापलं, हलाखीच्या परिस्थितीवर मात करत मोलमजुराच्या लेकीची झेप. मला छान वाटलं हो, मी कात्रण फळ्यावर लावलं. ती मुलगी आली आणि कात्रण काढून माझ्या टेबलावर ठेवलं. म्हणाली, बाई माझ्या बापाला गरीब का म्हणलंय, त्याला वाचता येतं. आणि माझ्या चढायांबद्दल एक ओळ नाही. मी गप्प. खरंच नव्हती एक ओळ.

तेव्हापासून मी बातम्या त्या नजरेने वाचते. सावरपाड्याची कविता राऊत, २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलमध्ये दहा हजार मीटरला ब्राँझ आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाईमध्ये रौप्य, तिच्याबद्दल पाण्याचे हंडे आणि अनवाणी पाय सगळ्यांना पाठ आहेत, दहा हजार मीटर कसं पळतात, शेवटच्या फेऱ्यांत काय केलं हे किती जणांना माहितीय? आमच्या शेजारची मोहीची ललिता बाबर, सुरुवात तिची खो-खोतून, २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, अंतिम फेरी गाठली, १९८४ च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत गेलेली पहिली भारतीय बाई, दहाव्या क्रमांकावर आली. पाण्यावरचा अडथळा ओलांडताना पाय कुठं टेकायचा हे आमच्या मुलींना तिच्याकडून शिकायचंय, आणि लेख मात्र दुष्काळावरच असतो. धाराशिवची सारिका काळे, २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खो संघाची कप्तान, २०२० चा अर्जुन पुरस्कार, तिचंही तेच, घरची गरिबी आधी आणि खेळ नंतर. गरिबी लिहू नका असं नाही, पण ती त्या मुलीला विचारून लिहा, आणि खेळ आधी लिहा. आता आमच्याकडे कुणी मुलाखतीला आलं की मुलीच त्याला आधी गुणपत्रक देतात. लग्नाचं काय ठरलंय असं विचारणारा एक निघालाच, तर आमच्या कप्तानाने त्याला विचारलं, दादा तुमचं? त्याने हसत पुढचा प्रश्न घेतला.

आणि दिसण्याचं महत्त्व मी नाकारत नाहीये हां. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये नवी मुंबईत हरमनप्रीतच्या संघाने वर्ल्डकप जिंकला, त्यात आपली सांगलीची स्मृती, पुढच्याच सोमवारी सहावीच्या सात मुली आणि तीन बाप माझ्याकडे बॅटची चौकशी करायला आले. बाप! त्याच वर्षी जानेवारीत खो-खोचा पहिला वर्ल्डकप दिल्लीत झाला, प्रियांका इंगळे कप्तान, नेपाळला हरवलं, जुलैमध्ये नागपूरची दिव्या देशमुख बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली. टीव्हीवर दिसलं की घरातलं वातावरण बदलतं हे मी डोळ्याने बघितलंय. आमच्या कबड्डीचं दुखणं असं की प्रो कबड्डी २०१४ पासून चालू आहे, २०१६ ला मुलींची तीन संघांची एक छोटी लीग त्याला जोडून घेतली, आणि मग बंद. आशियाईमध्ये सुवर्ण आणणाऱ्या मुली आमच्या पोरींना टीव्हीवर दिसतच नाहीत, त्यांना दिसतात ते सगळे पुरुष. मग आपण काय करणार, आपला भोंगा आपणच वाजवायचा.

रेडिओचा पर्याय पण बघा. म्हसवडला माणदेशी या बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. तेलंगणात झहीराबादजवळ माचनूरला दलित शेतकरी बायकांनी २००८ पासून संघम रेडिओ चालवलाय, आणि चित्रकूटच्या खेड्यातल्या बायकांनी २००२ ला वर्तमानपत्र म्हणून सुरू केलेलं खबर लहरिया तर सगळ्यांना माहितीय. तुमच्या आसपास असं केंद्र असेल तर आठवड्याला दहा मिनिटं मागून घ्या, ते देतात, त्यांना मजकूर हवाच असतो. रेडिओत तोंड दिसत नाही, आवाज आणि नाव दोन्ही राहतं, पालकांचा विरोध निम्मा तिथंच संपतो. आमच्या एका मुलीचे वडील व्हिडिओला नाहीच म्हणाले, रेडिओवर मात्र त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून ऐकवलं.

आता व्हिडिओ करायचाच तर. आम्ही चार वर्षांपासून करतो, पण शूट करणाऱ्या मुलीच, बाहेरचा कॅमेरा आला तर तो आमच्या नियमाने. शाळेच्या नावावर एक मोबाईल घ्या, बारा-पंधरा हजारातला पुरतो, तिपाई आणि कॉलरला लावायचा छोटा माईक काही शेकड्यात येतो. भावाच्या मोबाईलवर काम करायचं नाही, कारण मग भाऊ ठरवतो काय ठेवायचं. कॅमेरा बाजूच्या रेषेपासून लांब आणि उंचावर, टेबलावर उभं राहून वगैरे, म्हणजे सगळं मैदान दिसतं आणि खेळही कळतो. अंतिम रेषेच्या मागे जमिनीलगत बसून शूट करणाऱ्याला उठवायचं, कितीही मोठा माणूस असो. पकडीचं स्लो मोशन नाही. क्लिप बाहेर जायच्या आधी ज्या मुली त्यात दिसतात त्यांनी बघायची, आणि एकीने नको म्हटलं तर नको, कारण विचारायचं नाही. पालकांची लेखी परवानगी घ्याच, पण पालक हो म्हणाले आणि मुलगी नाही म्हणाली तर मुलीचं ऐकायचं, हे पालकांना आधीच सांगून ठेवा. उद्या कुठं खेळायला जाणार, कोणत्या गाडीने, कुठं राहणार हे टाकायचं नाही, परत घरी आल्यावरच काय ते टाका. कमेंट बंद. पासवर्ड दोन शिक्षकांकडे, त्यातली एक बाई. एवढं करूनही काही वाईट घडलं तर मुलीला आधी सांगायचं की तुझं काही चुकलं नाही, आणि मग सायबर पोलिसांकडे जायचं. आमच्यावेळी ते वाक्य मी त्या मुलीला सतरा दिवसांनी म्हटलं, तोवर उशीर झाला होता.

संस्थेच्या लोकांना विचारा की रीलला किती व्ह्यू आले याऐवजी तुम्ही दहावीत किती मुली खेळतायत हे मोजाल का. मोजणारे असतील तर त्यांचे पैसे घ्या. माझ्याकडे मी एकच आकडा धरते, जानेवारी-फेब्रुवारीत नववीच्या किती मुली आठवड्यातून चार दिवस मैदानावर आल्या. स्पर्धांचा मोसम तोवर उरकलेला असतो, तेव्हा जी येते ती खेळासाठी येते.

पुढचं करियर विचारलंत म्हणून थोडक्यात. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटात तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा जातात, त्यातून दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पालकांना हे पटतं, सांगा. पण प्रमाणपत्र कोणत्या स्पर्धेचं चालतं ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून आधी विचारून घ्या, मधल्या काळात बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं झाली त्यामुळे पडताळणी कडक झालीय, आणि पैसे घेऊन राष्ट्रीय स्पर्धा भरवणारे भामटे फिरत असतात. खेळाडू झाली नाही तरी पंच परीक्षा देता येते, आमच्या दोघी पंच आहेत, आणि ती अंगठा मोडलेली आता पुण्यात सामन्यांचं समालोचन करते, महिन्याला किती मिळतात ते सांगत नाही पण स्वतःचं भाडं स्वतः भरते.

शेवटी तुमच्या मैदानाचं. तुम्ही मुलींना तेरा बाय दहाच्या मैदानावर खेळवताय असं लिहिलंय, ते पुरुषांचं माप आहे. मोठ्या मुलींना बारा बाय आठ आणि सबज्युनियरला अकरा बाय आठ आखा, बोनस रेषा पण त्या हिशोबाने मोजून घ्या, नाहीतर स्पर्धेत गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सगळ्या लॉबीत, म्हणजे बाजूच्या पट्टीत, बाहेर जातील. दोन पोती फक्की लागेल. आणि बाजारात जाल तेव्हा त्या स्वच्छतागृहाच्या किल्लीची डुप्लिकेट करून आणा, तीस-चाळीस रुपये घेतात.